चोवीस खेळाडू आणि एक कॅचर

बेसबॉलचा एकही सामना मी मैदानात बसून पाहिलेला नाही. टीव्हीवर एकदा लावला होता, तर तिसऱ्या डावात डुलकी लागली. तरीही गेली अकरा वर्षं मी बेसबॉलची कार्डं जमवते आणि ते कुणापासून लपवत नाही.

सुरुवात झाली मुलीच्या शाळेच्या फेअरमध्ये. एका टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, आत कार्डांची चळत. पुढच्या बाजूला खेळाडूचा फोटो, मागे बारीक अक्षरांत तक्ता: कुठल्या वर्षी किती सामने, किती वेळा बॅट हातात घेतली, किती फटके. मी स्टॅटिस्टिक्सची बी.एस्सी. वडील इचलकरंजीत मागावर, आई कांड्या भरायची, आणि घरातली पहिली पदवी माझी. तक्ता दिसला की मला राहवत नाही. मी अख्खा डबाच उचलला.

फोटोकडे मी नंतर बघते, आधी मागची बाजू. खेळाचे निम्मे नियम मला त्या आकड्यांवरूनच कळले.

"आई, यू डोन्ट इव्हन लाइक बेसबॉल," मुलगी म्हणते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

"बेसबॉल नाही गं, बेसबॉलवाले आवडतात मला."

शनिवारी दुपारी अल्बम उघडला की नवऱ्याचं ठरलेलं असतं, "झाली का हजेरी घेऊन? सगळे आलेत ना?"

सगळे आले नव्हते, तेच तर दुखणं होतं. डब्यात एका संघाची एकाच वर्षाची बरीच कार्डं होती, म्हणून तो पंचवीस जणांचा संघ मी पुरा करायला घेतला. चोवीस जमले. राहिला कॅचर, म्हणजे आपला यष्टिरक्षक बसतो तिथे बसणारा. ऑनलाइन मागवता आला असता, पण कार्ड कुणाच्या तरी हातून यावं, बदल्यात आपणही काही द्यावं, असा मी स्वतःशीच नियम केला होता. इथे रग्बीच्या कार्डांचे ढीग मिळतात. बेसबॉल म्हटलं की लोक आधी माझ्याकडे नीट बघून घेतात.

जवळच्या पोरिरुआ शहरातल्या एका हॉलमध्ये दर तीन महिन्यांनी कार्डवाले जमतात. तिथे एक निवृत्त प्लंबर येतो, भर थंडीतही हाफ पँट आणि पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. गेल्या खेपेला तो म्हणाला, तुझा कॅचर माझ्याकडे आहे, पुढच्या वेळी आणतो. मीही कबूल केलं, माझ्याकडचं सगळ्यात जुनं कार्ड देईन. ते दुसऱ्याच संघातलं होतं, त्यामुळे देताना जीव तुटणार नव्हता.

आता एवढं जुनं कार्ड द्यायचं तर नीट द्यावं. आमच्याकडे ज्याला मोल त्याला लॅमिनेशन. माझी पदवी हातात आली त्याच दिवशी वडिलांनी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून ती लॅमिनेट करून आणली होती. पुढे इकडे यायच्या वेळी त्या प्लास्टिकवर सरकारी शिक्का उमटेना, दुसरी प्रत काढायला विद्यापीठात खेटे घातले. तरी अक्कल आली नाही. ऑफिसच्या मशीनमधून कार्ड काढलं, कडा कात्रीने गोल केल्या. आरशासारखं चकाकत होतं. माझं मलाच कौतुक वाटलं.

रविवारी सकाळी नवऱ्याने मला हॉलवर सोडलं आणि तो कॉफी शोधायला गेला. मी प्लंबरला "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार घातला आणि मोठ्या ऐटीत कार्ड पुढे ठेवलं.

त्याने ते उचललं. नखाने कड चाचपली.

"ओह, नो. नो, नो, नो. कोणी केलं हे?"

"मी," मी म्हणाले. खोटं कशाला बोला?

त्याने चष्मा काढला. म्हणाला, आता हे कार्ड उरलंच नाही, सोलायला गेलं तर शाई निघून येईल. मग माझा चेहरा बघून त्यालाच वाईट वाटलं असावं. "मी सात वर्षांचा असताना तीस कार्डं खळीने वहीत चिकटवली होती. तू निदान सरळ तरी चिकटवलंस."

आम्ही दोघं हसलो. पण कॅचर त्याच्याच पाकिटात होता, आणि माझे हात रिकामे.

त्याने माझा अल्बम चाळला आणि एका डावखुऱ्या पिचरवर, म्हणजे त्यांच्या गोलंदाजावर, बोट ठेवलं. "हा दे, कॅचर घे."

तो पिचर वर्षानुवर्षं जिंकला कमी, हरला जास्त, आणि तरी दर वर्षी संघात. चोविसांत माझा सगळ्यात लाडका. तो दिला तर एक खण भरायचा आणि दुसरा रिकामा व्हायचा. पण हिशोब राहू दे, मनच होईना.

"हा नाही देणार," मी म्हणाले.

"फेअर इनफ," म्हणून तो पाकीट मिटायला लागला.

"थांबा. मागची बाजू उतरवून घेऊ का?"

"फक्त आकडे?"

"मला तेच तर हवे असतात."

त्याने खुर्ची सरकवून दिली. कार्ड पाकिटातून काढून, कडांना धरून, माझ्यापुढे पालथं ठेवलं. मी पर्समधला कागद कार्डाएवढा फाडला आणि सगळा तक्ता लिहून काढला. तो शेजारी उभा राहून शून्यं तपासत होता. एक चुकलं तेही दाखवलं. मग मी कागद पंचविसाव्या खणात सरकवला. "स्वीट अ‍ॅज," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत झकास. माझा संघ पुरा झाला. कुणाला पटो न पटो.

परतताना गाडीत नवऱ्याने विचारलं, "मिळाला का तुमचा भिडू?"

"मिळाला. अहो, पहिल्या वर्षी त्याला एकच सामना मिळाला. एकदाच बॅट हातात घेतली आणि फटका मारला. शंभर टक्के!"

"मग?"

"मग दोन वर्षं खालच्या लीगमध्ये पाठवला."

"फटका मारूनसुद्धा?" अकरा वर्षांत पहिल्यांदाच हा माणूस माझ्या खेळाडूसाठी चिडला होता. "हा कुठला न्याय? परत घेतला की नाही?"

"घेतला," मी म्हणाले, आणि अल्बम मांडीवर उघडून पुढची वर्षं त्याला वाचून दाखवायला लागले.