सोपान ओव्हाळ यांचा उजवा पाय

गाडी कुणाचीही असो, तिच्या ब्रेकवर पाय ठेवण्याआधी सोपानभाऊ उजव्या पायातली चप्पल काढत. डावी तशीच राही. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, गाडी महागाची म्हणून मान देताहेत. मानाचा काही प्रश्न नव्हता. पॅडल तळव्याला कळतं, चपलेला कळत नाही, एवढंच.

कामशेतला जुन्या हायवेवर, खिंडीच्या अलीकडे त्यांचं एका शटरचं गॅरेज आहे. वडील कोंडाजी रेल्वेत होते, लोणावळ्यात. खंडाळ्याचा घाट उतरण्याआधी गाड्यांचे ब्रेक तपासणाऱ्या टोळीत त्यांनी अख्खी नोकरी काढली. पोराला रेल्वेत जागा मिळाली नाही, ब्रेक मात्र सुटले नाहीत. सोपानभाऊ सतराव्या वर्षी ट्रकच्या ब्रेक लायनरला रिबिट मारायला लागले. मुंबईकडे निघालेला ट्रकवाला घाटाच्या भीतीने कामशेतला थांबायचा, लायनर बदलून घ्यायचा आणि पुढे जायचा. मग एक्स्प्रेसवे झाला. ट्रक वरून जायला लागले आणि खालचा धंदा बसला.

२०११ साली तुंगार्लीच्या एका बंगलेवाल्याची जपानी स्पोर्ट्‌स कार टोइंगवर दुकानात आली. लोहगडाच्या उतारावर तिच्या चाकांतून धूर निघाला होता. सोपानभाऊंनी तसली गाडी त्याआधी पाहिली नव्हती. त्यांनी चाक काढलं, डिस्कची जाडी मोजली, पॅडचा वास घेतला आणि मालकाला सांगितलं, "इंजिन घोड्याचं हाय आणि ब्रेक शेरडाचं." मालकाने मोठ्या डिस्क आणि त्यांना पकडणारे चार पिस्टनचे कॅलिपर मागवले. सोपानभाऊंनी ते बसवायला आठ दिवस घेतले. चौथ्या दिवशी सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून बसवलं. ती गाडी पुण्यात फिरली आणि तिच्या मागोमाग इतर आल्या. इव्हो, इम्प्रेझा, झेड. टर्बो वाढवा, सायलेन्सर बदला म्हणणाऱ्यांना ते परत पाठवत. "पळायचं पुण्यात करून घ्या. थांबायचं माज्याकडं," असं म्हणत. लोकांना ते आवडे.

काम एकट्याचं नव्हतं. नवे कॅलिपर लावले की नळ्यांमधली हवा काढावी लागते. त्याला दोन माणसं लागतात. एक सीटवर बसून पॅडल दाबतो, दुसरा चाकापाशी निपल उघडून ऑइल आणि हवेचे बुडबुडे बाटलीत घेतो. सीटवर बसायची चंपाबाई, सोपानभाऊंची बायको. पदर खोचून ती त्या खोलगट सीटमध्ये बसे. गाडीखालून आवाज येई, "दाब." ती म्हणे, "दाबलं." "धर." "धरलं." चाळीस लाखांच्या गाडीत बसून ती मधूनच ओरडे, "अवो, भात लागंल, आवरा." गिऱ्हाइकं हसत. एक-दोघांनी तिचा व्हिडिओ काढला होता. पंधरा वर्षांत तिने किती गाड्यांची पॅडलं दाबली याचा हिशेब नाही. एकही गाडी तिने कधी चालवली नाही.

हवा निघाली की सोपानभाऊ अनवाणी पायाने पॅडल दाबून तीस आकडे मोजत. मग पहाटे पवनेच्या रस्त्याने तिकोणा पेठेपर्यंत गाडी नेत, ब्रेक तापवत, गार करत, नवे पॅड डिस्कवर बसवत. शेवटी लोहगडवाडी. वर जायचं आणि भाजे गावाकडचा तो उभा उतार तीनदा उतरायचा. वर सरुबाईची चहा-भज्यांची टपरी होती. ती लांबूनच म्हणायची, "आलं का जपान?"

दोन वर्षांपूर्वी तीनदा उतरायचं एकदावर आलं. मग तेही बंद पडलं. पाय लवकर थकायचा, संध्याकाळी तळवा चुरचुरायचा. रक्तातल्या साखरेच्या गोळ्या चालू होत्या, कधी घेतल्या, कधी राहिल्या. एकदा बाजारात सरुबाई भेटली. "यंदा जपान दिसलं न्हाई भाऊ," ती म्हणाली. सोपानभाऊंनी सांगितलं, आता गरज पडत नाही, दुकानातच कळतं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं.

जानेवारीत आकाश जगदाळे आला. वाकडला राहणारा, संगणकाच्या कंपनीतला, चौतिशीचा. निळी इव्हो, पुढच्या चाकांना सहा पिस्टनचे कॅलिपर. या कॅलिपरना आतून एक आणि बाहेरून एक अशी दोन निपलं असतात, दोन्हीकडून हवा काढावी लागते. दुपारपर्यंत ते काम झालं. चंपाबाई सीटवरून उतरली नाही.

"अवो, मऊ लागतंय."

"कुटं मऊ?"

"पार खाली गेल्यावर. भिजवल्याल्या कणकीवानी."

सोपानभाऊंनी चप्पल काढली, बसले, दाबलं. आकडे मोजले. "दगड हाय दगड. तुजा पाय थकलाय."

"माजा कशाला थकंल?"

"पन्नाशी आली न्हवं तुजी."

"आन तुमी काय कालचं हाय का? परत बगा."

त्यांनी परत दाबलं, तिच्या समाधानासाठी. मग आकाशला किल्ली दिली. आकाशने विचारलं, "काका, लोहगडची टेस्ट?" मित्रांकडून त्याने ती ऐकली होती.

"पायानं सांगितलं, मग घाट कशाला," सोपानभाऊ म्हणाले.

पुढच्या रविवारी आकाश स्वतःच लोहगडवाडीला गेला. सरुबाईकडे चहा घेतला आणि दहाच्या सुमाराला उतरायला लागला. गडाजवळच्या खिंडीखालच्या तिसऱ्या वळणावर पॅडल जमिनीला टेकलं. डाव्या हाताला दरी, समोरून गडावर निघालेली पन्नासेक माणसं. त्याने हँडब्रेक ओढला आणि गाडी उजवीकडे डोंगराला घासत नेली. माणसं वाचली. आकाशची उजवी मांडी दोन ठिकाणी मोडली आणि गुडघ्याचा चुरा झाला.

फोन सरुबाईने केला. "भाऊ, तुमचं जपान भिताडाला बसलंय. पोरगं जितं हाय. लवकर या."

गाडी दुकानात आणली. उजवी बाजू चेपली होती, डावीला धक्का नव्हता. सोपानभाऊंनी डाव्या चाकाच्या बाहेरच्या निपलला नळी लावली आणि चंपाबाईला बसायला सांगितलं. तिने दाबलं. बाटलीत बुडबुडे आले, मोहरीएवढे, एकामागून एक. उतारावर ऑइल तापलं, ही हवा फुगली आणि पॅडल पोकळ झालं, हे सांगायला तिथे दुसरा मेस्त्री लागत नव्हता. चंपाबाईने सीटवरून विचारलं, "काय आलं?" ते म्हणाले, "काय न्हाई."

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून आकाशचा फोन आला. "काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चूक माझीच. फार दामटली उतारावर, ऑइल उकळलं असणार."

सोपानभाऊ म्हणाले, "बरं."

त्यांना कळत नव्हतं ते वेगळंच. एवढी हवा नळीत असताना आपल्या पायाला दगड कसा लागला? ते दिवसभर दुकानातल्या एका जुन्या गाडीचं पॅडल दाबत बसले. कडक लागत होतं. सगळंच कडक लागत होतं.

त्याच आठवड्यात झाडू मारताना चंपाबाईला फरशीवर पिवळट-लाल ठिपके दिसले, ओळीने, मोरीपासून खाटेपर्यंत. "पाय दाखवा," ती म्हणाली. उजव्या तळव्यात लोखंडाची कपची रुतली होती, बोटाच्या पेराएवढी. भोवताली पू झाला होता. कधी रुतली, त्यांना सांगता येईना.

कामशेतच्या डॉक्टरांनी जखम साफ केली, मग त्यांना झोपवून डोळे मिटायला सांगितलं. हातात नायलॉनचा जाड दोरा होता. "टोचलं की हो म्हणा," डॉक्टर म्हणाले. सोपानभाऊ वाट पाहत पडून राहिले. बाहेर पेशंट खोकत होते. एकदाच त्यांनी "हो" म्हटलं, तेही घोट्यापाशी. थोड्या वेळाने म्हणाले, "करा की सुरू, डॉक्टर."

"झालं काका. दहा ठिकाणी टोचून झालं."

सोपानभाऊंनी डोळे उघडले. "हे कदीपासनं आसंल?"

"दोन वर्षं असेल, तीनही असेल. साखरेनं हळूहळू जातं ते. गेलं हे कळायलाच तर संवेदना लागते."

घरी आल्यावर चंपाबाईने भाकरी थापल्या. मी सांगितलं होतं, असं ती तेव्हा म्हणाली नाही, नंतरही कधी म्हणाली नाही. सोपानभाऊंना ते ऐकण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी पायाला बँडेज असताना ते पुण्याला दवाखान्यात गेले. आकाशचा पाय वजन लावून टांगला होता. त्यांनी उभ्यानेच सांगितलं. हवा राहिली होती. बायकोनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. माझा पाय मेलाय, मला माहीत नव्हतं.

"तुम्ही फोनवर 'बरं' म्हणालात," आकाश म्हणाला.

"व्हय. म्हणालो."

"तेव्हा माहीत होतं?"

"हवा माहीत होती. पायाचं नव्हतं."

"आई खाली गेलीय, जेवायला. ती यायच्या आत जा," आकाश म्हणाला. "तिला हे मी सांगेन."

जिना उतरताना सोपानभाऊंच्या मनात एक आकडा आला. दोन वर्षांत त्यांनी आकाशची सोडून चौदा गाड्या नुसत्या पायावर पास केल्या होत्या. पाय कुठल्या गाडीपर्यंत खरा होता, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

त्यांनी सगळ्यांना फोन केले. गाडी हलवू नका, टोइंगवर आणा, मी परत बघतो. एकाला वाटलं, म्हातारा काम मिळवायला घाबरवतोय. एकाने वकिलाचं नाव घेतलं. एकाने मित्रांच्या ग्रुपवर लिहिलं की कामशेतवाला स्वतःच सांगतोय, त्याच्या ब्रेकचा भरवसा नाही. त्यात खोटं काही नव्हतं. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये मिळून अकरा गाड्या आल्या. प्रत्येकीच्या सीटवर चंपाबाई बसली. सोपानभाऊ चाकापाशी स्टुलावर, बँडेजचा पाय लांब करून. ते पॅडलला शिवले नाहीत. ती "ठीक हाय" म्हणाली की किल्ली देत, ती "थांबा" म्हणाली की निपल उघडत. अकरापैकी दोन गाड्यांना ती थांबा म्हणाली. दोन्हींत हवा निघाली. पैकी एका गाडीत मागे लहान मुलाची खुर्ची बांधलेली होती. सोपानभाऊंनी ती पाहिली आणि चाक बसवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

ते अकरा मालक गाड्या घेऊन गेले आणि पुन्हा आले नाहीत. नवं कुणी आलं नाही. मे महिन्यात उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. चंपाबाई तळेगावकडच्या पॉलिहाउसमध्ये गुलाब बांधायला जायला लागली. सकाळी सातची गाडी, वीस फुलांचा एक गठ्ठा. हाताला काट्यांचे ओरखडे दिसत. सोपानभाऊ शटर अर्धं उघडून स्कूटरचे ब्रेक शू बदलत.

न आलेल्या तीन गाड्यांपैकी एकीच्या मालकाने ब्रेक दुसरीकडून बदलून घेतले होते. दुसरी बंगल्यात झाकून ठेवलेली होती, मालक परदेशात. तिसरी पांढरी, दोन दारांची. ती विकली गेली होती, सांगलीकडे कुणाला तरी. जुना मालक एजंटाकडे बोट दाखवी, एजंट फोन उचलत नसे. दर दोन-तीन दिवसांनी सोपानभाऊ त्याला लावत. ऑगस्टमध्ये एजंटाने वैतागून नंबर दिला. सुरज म्हणून कुणी होता.

फोन लागला तेव्हा चंपाबाई नुकतीच कामावरून आली होती. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

"कामशेतवरनं सोपान ओव्हाळ बोलतोय. तुमच्या गाडीचे ब्रेक मी केलते."

"तुम्ही होय ते? एक नंबर ब्रेक आहेत काका. कालच आंबा घाट उतरलो."

"पॅडल मऊ लागतंय का? पार खाली गेल्यावर?"

"थोडं लागतं. मला तसंच बरं वाटतं, कडक असलं की पाय दुखतो."

"ती गाडी चालवू नका. आत्ता बाजूला घ्या. मी सांगतो काय झालंय ते."

"काका, दिवाळीनंतर आणतो ना. आत्ता मित्र आहेत गाडीत," असं म्हणून त्याने फोन ठेवला. सोपानभाऊंनी परत लावला. पूर्ण वाजला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा बंद होता.

चंपाबाईने सगळं ऐकलं होतं. पिशवीतला डबा तिने बाहेर काढला आणि त्याच पिशवीत पाने, रबरी नळी, रिकामी बाटली आणि ऑइलचा सीलबंद डबा भरायला घेतला.

"सांगलीला पहिली यस्टी कितीला हाय?"

"स्वारगेटवरनं साडेपाचला. तुजं काम?"

"खाडा सांगते."

"पत्ता न्हाई आपल्याकडं."

"गाडी तर म्हायती हाय," ती म्हणाली आणि सुपरवायझरला फोन लावायला बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला दोघं स्वारगेटला उभे होते. सुरजचा फोन अजून बंदच होता.