विषय वर, कारण तळाशी

माझा मामा लोणखेड्याच्या एका कॉलेजात कारकून. तिथल्या वसतिगृहाच्या अर्जांचं वेब ॲप मी जावा या संगणकी भाषेत लिहिलं, त्यामुळे ते बिघडलं की शिव्या घरच्याच. अर्ज अडकला की पडद्यावर चाळीसेक ओळींचा स्टॅक ट्रेस यायचा, म्हणजे प्रोग्राम कुठून कुठे जाताना आपटला त्याची कुंडली. खरं कारण तळाशी, 'कॉज्ड बाय'च्या ओळीत. मामा मात्र फोनवर पहिलीच ओळ वाचायचा.

"पत्रना विषय वरच ऱ्हास, माय," तो म्हणे. जन्मभर सरकारी पत्रं वाचलेल्या माणसाला कोण शिकवणार? तरी मी झापलंच, सगळं वाचत जा म्हणून.

शेवटी वैतागून मी स्ट्रिंगरायटर आणि प्रिंटरायटर हे जावातले दोन तयार तुकडे जोडले आणि अख्खा ट्रेस मजकूर म्हणून डेटाबेसात साठवायची सोय केली. चार ओळींचं काम. "आता तुझी गरज नाही," असं मामाला ऐकवलंही. माझ्या जिभेला हाड नाही.

अर्जांच्या शेवटच्या दिवशी दुपारी चारला त्याचा फोन आला. धडगावकडच्या एका मुलीचा अर्ज जातच नव्हता. पाचला ॲप बंद होणार, आणि डोंगरातून रोज येणं तिला अशक्य. जागा हुकली की कॉलेज सुटलं.

"पोर रडी ऱ्हायनी," मामा म्हणाला.

मी ऐटीत डेटाबेस उघडला. ट्रेस होता, पण वरच्या तीन-चार ओळींपुरताच. रकाना मीच दोनशे पंचावन्न अक्षरांचा ठेवला होता आणि जास्तीचं निमूट कापत होते. तळ गायब. म्हणजे मीही नुसता विषयच जपला होता. भयंकर लाज वाटली.

"मामा, खालची ओळ दिसतेय का रे?"

"लिखी ठेयेल शे." तू झापल्यापासून सगळं उतरवतो, म्हणाला. दोन पानं भरली होती. शेवटची ओळ त्याने अक्षर अक्षर वाचली: नाव रकान्यात मावत नाही. माप मी इंग्रजीचं धरलं होतं. आपलं एक अक्षर तिथे तीन इंग्रजी अक्षरांची जागा खातं, आणि तिचं नाव लांबलचक.

"वेळ नाही, मामा. तिचं नाव थोडं कापून टाक."

"कापी कापीच तू फसनी ना, माय? तिन्हं नाव पुरं जाई."

मी नावाचा आणि ट्रेसचा, दोन्ही रकाने वाढवले. पाचाला सात मिनिटं कमी असताना तिचं नाव गेलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, एकही काना न तुटता.