आईच्या पापडाची हिरवी पट्टी

मंडळी, दुपारपासून मला चैन नाही, म्हणून इथे लिहितेय.

आईला लिहिता-वाचता येत नाही. ती पापडाच्या पुड्याला जुन्या साडीच्या हिरव्या काठाची पट्टी बांधते. आमच्या आचोळे गावातली गिऱ्हाइकं तीच बघून पुडा घेतात. आज शेजारच्या काकू भांडायलाच आल्या, "किती खारट गं या वेळी!" पट्टी हिरवीच होती, पण पापड आमचे नव्हते.

शोध घेतला, तर ते सुमनमावशींचे निघाले. त्या आईकडेच पापड शिकल्या. आई आणि मी त्यांच्या घरी गेलो. घरात शिकलेली मी एकटीच, त्यामुळे ट्रेडमार्कचा कायदा मीच आवाज चढवून सांगितला: दुसऱ्याची खूण वापरली की गिऱ्हाईक फसतं आणि नाव खऱ्या मालकाचं खराब होतं.

मावशी रडवेल्या झाल्या. "अगं, तुझ्या आईनेच असं बांधायला शिकवलं. मला वाटलं, पापड असेच बांधतात!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईने मात्र मावशींच्याच जुन्या साडीचा पिवळा काठ टर्रकन फाडला. "ही तुझी पट्टी. आता खारट झाले तरी तुझे, आणि नाव झालं तरी तुझंच."

उद्या मी खुणेच्या नोंदणीचा अर्ज आणायला जाणार आहे. सांगा, एक आणू की दोन?