देवघरातली तिसरी स्क्रीन

"तिथे हात नको लावूस हं," काकू म्हणाल्या. माझा हात हवेतच राहिला. देवघर वीतभर लांब.

काकू म्हणजे सरांची बायको. सर म्हणजे शाळेत मला गणित आणि कॉम्प्युटर शिकवणारे. आता रिटायर होऊन सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगमध्ये ऑनलाइन क्लास घेतात. मी उल्हासनगरात कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि थापा मारतो. दुकानात सांगायचो, माझे सर घोरतानाही पाढेच म्हणतात, चूक झाली तर स्वतःच जागे होतात. शेजारचे सिंधी शेठ हसायचे, "अरे साईं, तेरा मास्टर है के भगवान?" मी म्हणायचो, भगवानाचं गणित अडलं तर तोही सोनिवलीलाच येतो. माझ्या दहा गोष्टींतल्या नऊ फुगवलेल्या असतात. ही दहावी.

सातवीत कॉम्प्युटर रूममध्ये पंधरा जणांत मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. भिंतीला टेकून. सर आले, माझं बोट धरलं, कीबोर्डवर ठेवलं. "दाब. काही होत नाही." त्या बोटावर आज माझं घर चालतं.

त्या दिवशी सरांचा फोन आला. सिस्टिम अपडेट झाली आणि तिन्ही स्क्रीन रखडायला लागल्या. एकीवर मुलांचे चेहरे, दुसरीवर पाटी. तिसरी देवघरात, तिच्यावर मंदिरातलं थेट दर्शन. माऊस हलवावा, तर बाण अंबरनाथहून चालत बदलापूरला निघाल्यासारखा. सरांनी पाच लिहिला की मुलं उत्तर देऊन मोकळी, आणि मग स्क्रीनवर पाच उगवायचा.

अपडेटने बसवलेला, स्क्रीन चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम मी काढला, जुना टाकला. दोन स्क्रीन पळायला लागल्या. तिसरीची केबल सीपीयूत खोचली की पुन्हा सगळं रखडायचं. म्हणजे दोष त्या स्क्रीनच्या टोकाला. तिथे केबल आणि स्क्रीन जोडणारा छोटा कन्व्हर्टर होता. तो बघायला हात पुढे केला, आणि काकू बोलल्या.

मी सरांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

"तू सांग, मी करतो," सर म्हणाले. "हिचं सोवळं असतं. तू समजूतदार आहेस."

समजूतदार. शिवी असती तर उलटी हासडता आली असती.

मी उंबऱ्याबाहेरून सांगत राहिलो. सत्तरीचे सर देवघरात गुडघ्यांवर. मी डावीकडची केबल म्हणालो, त्यांनी उजवीकडची ओढली. स्क्रीन काळी. देव गेला.

"अहो, आरती सुरू होईल आता," काकू म्हणाल्या.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. "काकू, ही स्क्रीन मीच आणलीय. द्यायच्या आधी आठवडाभर आमच्या घरी चालवून बघितली. बुद्धमूर्तीशेजारी होती. आईने पदराने पुसून दिली."

सर पाठमोरेच. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो. एक शब्द, सर. पंधरा जणांत माझंच बोट धरलं होतंत.

शब्द आला तो काकूंचा. "मग काढूनच टाक ती इथून. तूच काढ बाबा."

काढायला माझा हात चालत होता.

"नाही काढणार," मी म्हणालो. "कन्व्हर्टर बिघडलाय. बदलला की चालेल. पण तो मी बदलणार नाही."

"अरे, रागावलास?" सर म्हणाले. तोच वर्गातला आवाज. मी बॅग उचलली.

थाप मारायची तर म्हणेन, मी रडलो आणि उल्हास नदीला पूर आला. तसं काही नाही. लिफ्टमध्ये कुणी बघेल म्हणून जिन्याने उतरलो. चार मजले. शर्टाच्या बाहीने तोंड पुसत.

आता शेठ विचारतात, "तेरा भगवान कैसा है?" मी ही दहावी सांगतो. न फुगवता. ते हसत नाहीत.

सरांचे फोन येतात. क्लास रखडतो म्हणतात, एकदा येऊन जा म्हणतात. मी विचारतो, "सर, हात लावू द्याल?" ते पुन्हा क्लासचंच बोलतात. मी फोन ठेवतो.

"दाब, काही होत नाही," हे सर ज्या दिवशी काकूंसमोर म्हणतील, त्या दिवशी जाईन. देवघरात जाईन. त्याआधी त्या घराची बेलसुद्धा दाबणार नाही.