क्लॅरिनेटवाल्याला काही बोलू नका

पितळी बटण परातीत पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. संस्थान विलीन झालं, फौज मोडली, आणि आमच्या फौजी बँडला हुकूम आला की वर्दीवरची संस्थानाची बटणं जमा करा. बँडमास्तर अण्णांनी कात्री घेतली आणि एकेकाला समोर उभं करून स्वतः बटणं तोडली. टण्. टण्.

मी तेव्हा झांजा वाजवायचो. शाळा चौथीत सुटली, बोलणं आधीपासूनच कमी. पण कमी बोलणाऱ्याकडेच गोष्टी साठतात. बोलणारे त्या खर्चून टाकतात. माझ्याकडच्या थोड्या सांगतो.

*

नोकरी गेली, वाजवणं राहिलं. अण्णांनी दौलतगंजात एक खोली घेतली आणि लग्नाचा बँड काढला. वर्द्या त्याच, बटणं नव्हती म्हणून सेफ्टी पिना लावल्या. पहिल्याच बारातीत युसुफचाचांनी ट्रम्पेटसाठी छातीत हवा भरली आणि पिना तटातट सुटल्या. एक जाऊन नवरदेवाच्या फेट्यात अडकली.

अण्णा म्हणाले, "पलटणीत असता तर शिक्षा झाली असती, चाचा. इथे लग्न आहे. बजाओ."

*

आम्हाला फौजी धुनांशिवाय काही येत नव्हतं. एका लग्नात आम्ही एक संथ धून वाजवली. चाल सुंदर होती, पण पूर्वी ती आम्ही अधिकाऱ्यांच्या अंत्ययात्रेत वाजवायचो. बाराती माना खाली घालून चालू लागले. मांडवाच्या दारात नवरीच्या मावशीने डोळ्यांना पदर लावला. नवरदेवाचे काका तणतणत आले.

अण्णा शांतपणे म्हणाले, "पाठवणीला रडायचंच आहे. थोडं आधी सुरू झालं."

*

काही वर्षांनी मधू आला. वय सोळा. दाना ओली नावाच्या गल्लीतल्या बापूसाहेबांचा मुलगा. बापूसाहेब सरकारी कचेरीत कारकून. मधू क्लॅरिनेट इतकं गोड वाजवायचा की घोडीसुद्धा कान टवकारायची.

शाळा का सोडलीस, असं अण्णांनी तालमीत विचारलं. पोराने वाद्य खाली ठेवलं आणि खरं ते सांगितलं. त्याला मुली नाही, मुलगे आवडायचे. वर्गातल्या एका मित्रावर जीव होता, ते त्याने त्या मित्राला सांगितलं. मित्राने वर्गाला सांगितलं, वर्गाने साऱ्या ओलीला. तेव्हापासून पोरं त्याच्यामागे कंबर हलवत चालायची, कधी खडेही मारायची. आज माझी नात 'गे' म्हणते आणि चहा गाळत राहते. तेव्हा जे शब्द होते ते मी इथे लिहिणार नाही.

अण्णांनी विचारलं, "त्या मित्राला तू आवडतोस?"

"नाही."

"मग यात निराळं काय आहे? या दामूला तीन ठिकाणांहून नकार आलाय. येतोच आहे ना रोज तालमीला?"

सगळे माझ्याकडे बघून हसले. मधूही हसला. म्हणून मीही हसलो.

*

एकदा बारात भर बाजारात असताना नवरदेवाच्या धाकट्या भावाने मधूची नक्कल केली आणि एक घाण शब्द ओरडला. अण्णांची छडी खाली आली. पलटणीतली सवय, छडी खाली म्हणजे सगळं बंद. ढोल थांबला तशी घोडीही थांबली, कारण वाद्यांशिवाय चालायचं तिला ठाऊकच नव्हतं. मुकी बारात म्हणजे अपशकुन. गच्च्यांवरून बायका विचारू लागल्या, कोण गेलं?

नवरदेवाचे वडील धावत आले. अण्णा म्हणाले, "आमचा एक माणूस जखमी झालाय. त्याला सोडून पलटण पुढे जात नाही."

शेवटी नवरदेवच घोडीवरून भावाला म्हणाला, "माफी माग रे, मुहूर्त निकल रहा है."

त्याने माफी मागितली. पुढे लष्कर या आमच्या शहरात आमचा बँड ठरला की घरातले वडीलधारे निघण्याआधी बजावायचे, "फेटे नीट बांधा, पोरांना सांभाळा, और उस क्लॅरिनेटवाले को कुछ मत कहना."

*

यावरून युसुफचाचांनाही अवसान चढलं. एका बारातीत कुणीतरी त्यांना बेसुरा म्हणालं. चाचांनी ट्रम्पेट काखेत मारला आणि पलटण थांबायची वाट बघत उभे राहिले.

अण्णांनी मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाले, "ही जखम नाही, चाचा. हे खरं आहे. वाजवा."

*

मग नवा प्रांत झाला आणि राजधानी भोपाळला गेली. इथल्या कचेऱ्यांची कपाटं ट्रकांत चढू लागली. बापूसाहेबांची बदली झाली. मधूला न्यायचं आणि तिकडेच लग्न लावून द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. मधू आम्हाला म्हणाला, "मी तिला काय देणार? तिची काय चूक?" त्याला इथेच राहायचं होतं. पण वडिलांसमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

निघायच्या दिवशी सकाळी टांगा आमच्या दारात थांबला. आत ट्रंका, वळकट्या, मधूची आई. बापूसाहेब खोलीत आले. बसले नाहीत.

"चल," ते मधूला म्हणाले. मधू भिंतीला टेकून उभा राहिला. मग ते अण्णांकडे वळले. "ही ओली त्याला जगू देत नाही, मास्तर. भोपाळला कुणी ओळखत नाही आपल्याला. तिथे सुखात राहील."

अण्णा म्हणाले, "तिथे पोरं हसली, तर कोण थांबेल?"

बापूसाहेब मधूकडे बघत राहिले. मग अण्णांकडे, चाचांकडे, माझ्याकडेही. मला वाटलं, आता हाताला धरून नेणार.

"मी नाही येत, बाबा," मधू म्हणाला. इतक्या हळू की मला ओठांवरून कळलं.

बापूसाहेब बाहेर गेले. टांग्यातल्या सामानातून त्यांनी एक वळकटी ओढून काढली, मधूची. ती घेऊन आत आले आणि कोरडी जागा बघून भिंतीशी ठेवली. दोरी सैल झाली होती. खाली बसून त्यांनी ती सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली. गाठ ओढून पाहिली. मग उठले, धोतर झटकलं आणि टांग्यात जाऊन बसले.