ताईचं पत्र त्याच्याच पेटीत

धाकट्याला शिकवलं ते मोठ्या बहिणीने. नवरा गेल्यावर ताई इस्पितळात आया म्हणून लागली, परक्यांची अंथरुणं बदलत राहिली, आणि धाकटा वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत चिकटला. दोघं एकाच घरात राहत. चाळिशीला टेकल्यावर ताईने नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरला. वयाची अट बघता ही शेवटचीच संधी. अर्जाची वेबसाइट नेमकी भावाच्या हातची! देवानेच गाठ घातली, असं तिला वाटलं.

वेबसाइटच्या तयार साच्यात अर्जदाराला जाणारं ईमेल आधीच लिहिलेलं असतं. इंग्रजीत, कोरडं ठणठणीत. धाकट्याला ते रुचेना. साच्यातला तो भाग बाजूला सारून त्याने स्वतःचं पत्र बसवलं. ‘नमस्कार, आपला अर्ज मिळाला. शुक्रवार संध्याकाळपर्यंत खालचं बटण दाबा, म्हणजे तो पक्का होईल.’ चाचणीत भलत्यालाच पत्र जायला नको, म्हणून वेबसाइटच्या कोडमध्ये एक ओळ घातली: पत्र कुणाचंही असो, येईल माझ्याच पत्त्यावर. मग रंग, अक्षरं, स्वल्पविराम दहादा तपासले. ती ओळ काढायची तेवढी राहिली.

गुरुवारी ताई म्हणाली, “अरे, पत्र नाही आलं अजून.”

“स्पॅममध्ये बघ.”

“बघितलं.”

“येईल गं. मी लिहिलेलं पत्र अडकतंय कुठे!”

“लाटसाहेब, एकदा बघा तरी.”

“बघतो,” म्हणाला आणि विसरला. चाचणीच्या पत्रांसाठी त्याने आपल्या ईमेलच्या पेटीत वेगळा कप्पा केला होता. तिकडे तो ढुंकूनही बघत नसे.

शनिवारी सकाळी ताईचं बोलणं आठवून कप्पा उघडला, तर आत अर्जदारांची एकशे त्रेसष्ट पत्रं. सतरावं ताईचं. मुदत आदल्या संध्याकाळीच संपली होती.

एवढं खरं, की त्याने लपवलं नाही. तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. “तुझा अर्ज मी आतून पक्का करतो, ताई. कुणाला कळणार नाही.”

“देवालाही?” ती म्हणाली. “आणि बाकीचे एकशे बासष्ट? तेही कुणाचे तरी कुणी असतील ना? सगळ्यांचं होणार असेल तर माझं कर.”

तो तसाच ऑफिसात गेला. साहेबांनी ऐकून घेतलं. “चूक कबूल केली तर हे काम जाईल, आणि कामाआधी तू जाशील. नोंदीत काय दिसतं? अर्जदारांनी बटण दाबलं नाही. मग झालं तर! बाकी पत्र मात्र फक्कड लिहिलंयस हं.”

तो घरी आला तेव्हा ताई ड्यूटीला निघाली होती.

“साहेब नाही म्हणाले.”

“आणि तू काय म्हणालास?”

त्याने तिची पिशवी उचलून तिच्या हातात दिली. तिने चपला पायात सरकवल्या.

“जेवण झाकून ठेवलंय,” ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.