सायकलशेजारचं धुकं

जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये ऑफिसला जाताना नदीकाठच्या सायकलरस्त्यावर एक चिनी चित्रकार बाई मला रोज दिसायच्या. रस्त्याच्या कामासाठी ओतलेल्या खडीच्या ढिगासमोर त्या लाकडी डब्याचा, बिनभिंगाचा कॅमेरा मांडून बसत. फोटो पातळ कागदावर छापून त्यावर ब्रशने शाई फिरवली, की त्या ढिगाचा जुन्या चिनी चित्रातला डोंगर व्हायचा. बोलायचं झालं तर आधी ब्रश खाली ठेवत, मगच तोंड उघडत.

एकदा त्यांनी ब्रश खाली ठेवला. "डोंगरापाशी एक माणूस हवाय. पाव तास स्वस्थ उभे राहाल?"

"गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे 'अगदी, अगदी' असं जर्मनमध्ये म्हणत मी ढिगाशेजारी सायकल स्टँडवर लावली. माझ्यातलं काहीतरी अखेर कुणाला तरी दिसलं होतं! मी पोट आत घेतलं. केस सारखे केले. मोबाइल वाजला, तो बघितला. टीमला मेसेज टाकला, "उशीर होईल, शूटिंग चालू आहे."

बाईंच्या चित्रांच्या प्रदर्शनाला मी नवा कुर्ता घालून, बायकोला घेऊन हजर झालो. डोंगर भव्य होता. सायकलची तार न् तार दिसत होती. मी कुठेच नव्हतो.

"या कॅमेऱ्यात जे हलत नाही तेवढंच उमटतं," बाई हळूच म्हणाल्या. "तुमची सायकल मात्र फार छान उभी राहिली."

बायकोने ते चित्र विकत घेतलं. आता घरी कुणी आलं की ती दाखवते, "सायकलशेजारी जरासं धुकं दिसतंय ना? तो माझा नवरा."

सगळे हसतात. मग मी मोबाइलमधून डोकं वर काढून विचारतो, "काय झालं?"